बेपत्ता ‘एस’ची कोरमंगला फाइल

संध्याकाळी सातच्या सुमाराला कोरमंगलाच्या पाचव्या ब्लॉकमध्ये एक चक्कर मारा. कान उघडे ठेवा, बाकी काही करू नका.

ऑटोवाले काका सांगतायत, ‘मीटर डोन्ट वर्क, सर.’ कॅफेबाहेर एक फाउंडर फोनवर कोणाची तरी उतरवतोय, ‘ही डोन्ट नो द मार्केट!’ आणि सोलापूरहून नुकताच आलेला आपला टेस्टिंगवाला पोरगा मॅनेजरला कळवतोय, ‘सर, द बिल्ड डझन्ट रन्स.’

तिघांचंही काम झालं. ऑटोवाल्यांना जादा पैसे मिळाले, फाउंडरचा राग निघाला, मॅनेजरला बिल्डची बातमी कळली. पण पहिल्या दोघांचा एक-एक ‘एस’ हरवलाय आणि तिसऱ्याला एक ‘एस’ फुकटात जास्तीचा मिळालाय. ही काय भानगड? चला, फाइल उघडू या!

आधी घटनास्थळाचा पंचनामा. कोरमंगलाचे ब्लॉक आठ. त्यातच नॅशनल गेम्स व्हिलेज, 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. फ्लिपकार्टची सुरुवात 2007 मध्ये इथल्याच एका फ्लॅटमधून झाली, आणि स्विगीची 2014 मध्ये, तीही कोरमंगलातच. म्हणजे ज्या वस्तीत ‘वी डोन्ट हॅव ॲन ऑफिस’ हे वाक्य अभिमानाने उच्चारलं गेलं असेल, ती ही वस्ती. (वाक्य माझं, फ्लॅट त्यांचा.)

आता नियम. घाबरू नका, दोन ओळींचा आहे.

आय, यू, वी, दे यांच्यामागे ‘डोन्ट’. ही, शी, इट यांच्यामागे ‘डझन्ट’. आणि त्यानंतर क्रियापद अगदी साधं, शेपटीबिपटी काही नाही. ‘आय ईट’चं ‘आय डोन्ट ईट’. ‘शी ईट्स’चं ‘शी डझन्ट ईट’.

बघितलंत? ‘ईट्स’मधला ‘एस’ गायब! गेला कुठे? ‘डू’च्या अंगावर जाऊन बसला आणि ‘डू’चा झाला ‘डझ’. स्कूटरवर दोघं आणि हेल्मेट एकच, तर ते जो पुढे बसेल त्याच्या डोक्यावर, तसंच हे. (ट्रॅफिक पोलीस साहेब, फक्त व्याकरणापुरतं बोलतोय हं!) ‘डझन्ट रन्स’ म्हणणाऱ्या आपल्या सोलापूरकराने दोघांनाही हेल्मेट घातलं. सुरक्षित, पण बेकायदेशीर.

माहीत आहे का, हीच हातचलाखी तुम्ही रोज शंभर वेळा करता? आणि तीसुद्धा शुद्ध मराठीत?

‘तो येतो.’ आता नकार करा. ‘तो येत नाही.’ ‘येतो’चा ‘तो’ कुठे गेला? गायब! ‘ते येतात’चं होतं ‘ते येत नाहीत’. क्रियापदाची शेपटी गळाली आणि अनेकवचनाचा ‘त’ जाऊन ‘नाही’ला चिकटला. ‘तू येतोस’चं ‘तू येत नाहीस’. इथे तर चक्क ‘स’च उडी मारून पलीकडे गेला!

म्हणजे इंग्रजी बाईंनी पाचवीत छडी घेऊन जे शिकवलं, ते आईने आपल्याला दुधाच्या बाटलीबरोबरच पाजलं होतं. नकार आला की मुख्य क्रियापद बोडकं होतं आणि शेपटी नकाराच्या शब्दावर जाते. मराठीत तसंच, इंग्रजीत तसंच. व्याकरणाच्या पुस्तकात ही जोडी पहिल्या पानावर का नसते, हे मला आजवर पडलेलं कोडं आहे. इंग्रजीतला ‘एस’ तृतीय पुरुषाचा आणि आपला ‘स’ द्वितीय पुरुषाचा, एवढाच फरक. अक्षर तेच असणं हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला काय झकास!

एक बोनस घ्या. ‘मी येतो’ म्हणणारा पुरुष, ‘मी येते’ म्हणणारी बाई. आणि ‘मी येत नाही’ म्हणणारं कोण? सांगता येत नाही! मराठीत नकार देताना स्त्री-पुरुष समानता शंभर टक्के.

हिंदीत मात्र तसं होत नाही. ‘मैं नहीं आता’, ‘मैं नहीं आती’, शेपटी जागच्या जागी. म्हणूनच कोरमंगलातल्या पीजीमध्ये एक गंमत हमखास ऐकू येते. कानपूरचा रूममेट हौसेने मराठी शिकतो आणि जाहीर करतो, ‘भावा, आज मावशी येते नाही!’ आपण पोट धरून हसतो. ‘येते नाही काय रे? येत नाही म्हण!’ मग लॅपटॉप उघडून त्याच हाताने ईमेल टाइप करतो: मावशी डझन्ट कम्स. चूक तीच, फक्त आता हसणारा कानपूरचा.

‘नाही’ची नातेवाईक मंडळी कुठे राहतात?

फिनलंडमध्ये! खरंच. फिनिश भाषेत ‘मला माहीत नाही’ म्हणजे ‘एन तिएदा’, ‘तुला माहीत नाही’ म्हणजे ‘एत तिएदा’, ‘त्याला माहीत नाही’ म्हणजे ‘एइ तिएदा’. ‘तिएदा’ हलत नाही, नकाराचा शब्द माणूस पाहून रंग बदलतो. हेलसिंकीच्या बर्फात आणि हिंजवडीच्या चिखलात एकच युक्ती.

आणि ही युक्ती जगात दुर्मीळ आहे बरं का! मॅथ्यू ड्रायर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या 1157 भाषांत नकार कसा होतो ते तपासलं. बहुतेक भाषा एखादा न बदलणारा शब्द नाहीतर प्रत्यय लावून मोकळ्या होतात. नकारासाठी वेगळं सहायक क्रियापद राखून ठेवणाऱ्या, म्हणजे फिनिशसारख्या भाषा त्यात निघाल्या किती? फक्त 47!

आता खिडकीबाहेर बघू. बेंगळुरूत आहोत, कन्नड काय म्हणते?

कन्नडमध्ये ‘मी येतो’ला ‘बर्तिनि’, ‘तो येतो’ला ‘बर्ताने’, ‘ती येते’ला ‘बर्ताळे’, ‘ते येतात’ला ‘बर्तारे’. नवख्याचं डोकं गरगरलं? थांबा. आता नकार. मी ‘बरल्ला’. तू ‘बरल्ला’. तो, ती, ते सगळे ‘बरल्ला’! एकच रूप, सगळ्यांना लागू. इंग्रजांनी थोडी शिकवणी लावली असती, तर ‘डझन्ट’ जन्मालाच आलं नसतं.

माझा फुकट सल्ला: कन्नड शिकायला नकारापासून सुरुवात करा. अर्धं व्याकरण वाचतं.

तशी ती बहुतेक जण करतातच म्हणा. बेंगळुरूत पाऊल टाकल्यावर परगावच्या माणसाच्या तोंडी बसणारं पहिलं वाक्य कोणतं? ‘कन्नडा गोत्तिल्ला!’ कन्नड येत नाही. गावात ते इतकं गाजलंय की 2019 मध्ये ‘कन्नड गोत्तिल्ला’ याच नावाचा कन्नड सिनेमा आला. कन्नड येत नाही हे कन्नडमध्ये सांगायचं, म्हणजे पुरावा देऊन गुन्हा नाकबूल करण्यातला प्रकार.

आणि ‘ननगे गोत्तिल्ला’ जरा उलगडून बघा. ‘ननगे’ म्हणजे ‘मला’, ‘गोत्तु’ म्हणजे ‘माहीत’, ‘इल्ला’ म्हणजे ‘नाही’. मला माहीत नाही! शब्दाला शब्द, क्रमाला क्रम. कन्नड द्राविडी घराण्यातली आणि मराठी आर्य, तरी शेजारधर्म असा की वाक्यं एका साच्यातून काढल्यासारखी. इंग्रजी मात्र ‘मला’ला हात लावत नाही, तिथे थेट ‘आय’ लागतो. ‘टू मी डोन्ट नो’ असं पाचवीतल्या पोराच्या वहीत दिसलं, तर पोराला रागावू नका. त्याच्या मागे दोन भाषांचं बहुमत आहे.

नक्को, नक्को!

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात एखाद्या दख्खनी बोलणाऱ्या चाचांना चहा विचारा. ‘नक्को मियाँ, नक्को!’ कान टवकारले ना? हा आपलाच ‘नको’! दख्खनी उर्दूने तो मराठीकडून घेतला आणि हैदराबादपासून बेंगळुरूपर्यंत मिरवला. उत्तरेच्या उर्दूत या जागी ‘मत’ आणि ‘नहीं’. दख्खनीला मात्र आपला एका शब्दातला फटकाच आवडला.

मराठी इथे काही परवा आयटीबरोबर आलेली नाही. 1638 च्या सुमाराला विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांची जहागीर झालं. शहाजीपुत्र व्यंकोजी, म्हणजे एकोजी, यांच्याशी मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाचं नाव जोडलेलं आहे. आणि याच शहरात 1950 साली एका मराठी घरात शिवाजीराव गायकवाड जन्मले, मोठे होऊन सिटी बसचे कंडक्टर झाले, आणि पुढे... रजनीकांत! ‘ही डझन्ट नीड ॲन इंट्रोडक्शन’ या वाक्यातला ‘डझन्ट’ आज योग्य माणसाला लागला.

टाइम मशीनमध्ये बसा, बेल्ट लावा!

माहीत आहे का, हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत ‘डोन्ट’ नव्हतंच? तेव्हा क्रियापदाच्या आधी नुसता ‘ने’ लावायचे. ‘जाणतो’ला शब्द होता ‘वात’. ‘ने’ आणि ‘वात’ पटापट बोलता बोलता चिकटले आणि झालं ‘नात’. एका शब्दात ‘आय डोन्ट नो’!

आता ज्ञानेश्वरांच्या काळची मराठी आठवा. ‘न’ आणि ‘जाणे’ चिकटून काय झालं? ‘नेणे’! जाणता-नेणता, जाणीव-नेणीव, सगळी त्याचीच पिलावळ. टेम्सकाठचा ‘नात’ आणि गोदाकाठचा ‘नेणे’, दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. ‘मला माहीत नाही’ हे माणसाला इतक्या वेळा म्हणावं लागतं की तो सगळीकडेच शॉर्टकट शोधतो. इंग्रजाने पुन्हा शोधलाच की. आजचा ‘डनो’ काय वेगळा आहे?

‘विली-निली’ ऐकलंय? त्यातला ‘निल’ म्हणजे ‘ने’ अधिक ‘विल’. मर्जी असो-नसो. नकार चिकटवायची ही जुनी खोड अजून तिथे जिवंत आहे.

मग ‘ने’चा आवाज क्षीण झाला. लोकांना वाटलं, ऐकूच जात नाही, म्हणून मागे ‘नॉट’ जोडला. मग पुढचा ‘ने’ गळाला आणि नुसता ‘आय से नॉट’ राहिला. फ्रेंचांचीही हीच कथा. त्यांनी जोडला ‘पा’, ज्याचा मूळ अर्थ पाऊल! ‘मी पाऊलभरही चालत नाही’ असं म्हणता म्हणता पाऊलच नकार होऊन बसलं. नकार झिजतो, टेकू लागतो, मग टेकूच मालक होतो: ही फिरती डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन याने 1917 साली मांडली, आणि आज ती ‘येस्पर्सन चक्र’ म्हणून ओळखली जाते. नकाराच्या अभ्यासकाच्या नावात ‘येस’! याहून सुंदर पीजे मला तरी सुचत नाही.

शेक्सपिअर कोणत्या टप्प्यावर होता? दोन्ही! हवं तिथे ‘आय नो नॉट’ची धाटणी, हवं तिथे ‘डू नॉट’ची. त्या काळात ‘डू’ लंडनमध्ये हळूहळू घुसखोरी करत होता. स्वीडनच्या अल्वर एलेगोर्ड याने 1953 मध्ये या घुसखोरीचा हिशेबच छापला. जुनी पुस्तकं चाळून, कुठल्या शतकात किती ‘डू’, असा. त्यात एक गंमत सापडली. सगळी क्रियापदं एकामागून एक ‘डू’ला शरण गेली, पण काही हट्टी मंडळी शेवटपर्यंत अडून बसली. त्यांचा म्होरक्या कोण? ‘नो’! म्हणजे जाणणे. आज ज्याच्याशिवाय ‘डोन्ट’चं पानही हलत नाही, तोच एके काळी ‘डोन्ट’ला घरात घेत नव्हता.

(देवनागरीत ‘नो’ म्हणजे जाणणे आणि ‘नो’ म्हणजे नाही, दोन्ही सारखेच दिसतात. इंग्रज लिहिताना एकाला मुका ‘के’ लावतो, आपण वाचताना अंदाज लावतो.)

आणि तो आपला बेपत्ता ‘एस’? तो तर स्वतःच स्थलांतरित! दक्षिण इंग्लंडचे लोक ‘एथ’ लावायचे. ‘एस’ आला उत्तरेकडून, लंडनमध्ये बिऱ्हाड थाटलं आणि मूळच्या ‘एथ’लाच बाहेर काढलं. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये जुना ‘एथ’ ठाण मांडून आहे, शेक्सपिअरमध्ये मात्र दोघं एकत्र नांदतात. कोरमंगलात भाड्याने राहणाऱ्यांनी यातून हवा तो धीर घ्यावा.

‘डोन्ट’ हे छोटं रूप रुळू लागलं तेव्हा शहाण्यांची झोप उडाली. जोनाथन स्विफ्टने 1710 मध्ये ‘टॅटलर’मधून असल्या कापाकापीची टर उडवली. पाठोपाठ 1711 मध्ये ‘स्पेक्टेटर’मध्ये जोसेफ ॲडिसन ‘कान्ट’, ‘वोन्ट’ वगैरेंवर घसरला. दोन शब्द कोंबून एक करता, काय हा कर्कशपणा! त्याला आजचे आपले व्हॉट्सॲप मेसेज दाखवायला हवे होते.

अपॉस्ट्रॉफी, म्हणजे ‘डोन्ट’ लिहिताना वर लटकणारा स्वल्पविराम, एका थोर माणसाला अजिबात आवडायचा नाही. जॉर्ज बर्नार्ड शॉ! त्याने ‘डोन्ट’, ‘कान्ट’, ‘वोन्ट’ सगळे त्या टिंबाशिवाय छापायला लावले. त्याच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये प्रोफेसर हिगिन्स फुलवालीचे उच्चार तासून काढतो, पण त्याच नाटकाचा लेखक स्पेलिंगच्या मास्तरांना खिशात ठेवतो. आपल्याकडे तेच नाटक पुलंनी ‘ती फुलराणी’ करून 1975 मध्ये आणलं आणि भक्ती बर्वेंनी ते गाजवलं. तुम्ही शॉ नसाल तर मात्र टिंब घाला, आणि ‘एन’ व ‘टी’च्या मध्येच घाला. ‘डझ’ आणि ‘एन्ट’च्या मध्ये घालणारी मंडळी कोरमंगलाच्या टू-लेट पाट्यांवर जागोजागी भेटतात. ‘ओनर डझन्ट स्टे हिअर’ वाचून आनंद झाल्यावर टिंब कुठे आहे हे कोण बघतो, हा भाग वेगळा!

‘ही डोन्ट’ म्हणणारे सगळेच अडाणी?

छे! अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही ‘ही डोन्ट’ बिनदिक्कत चालायचं. बीटल्सच्या 1965 च्या ‘टिकेट टू राइड’चं ध्रुवपद ऐका. जिथे ‘डझन्ट’ हवं तिथे खणखणीत ‘डोन्ट’. आणि ईस्ट अँग्लियात, नॉर्विचच्या बाजूला, लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘शी गो’, ‘ही वर्क’ असंच बोलत आलेत. कोरमंगलाच्या फाउंडरचा ‘ही डोन्ट नो’ तिकडे खपून गेला असता. इंटरव्ह्यूत मात्र खपत नाही, तेव्हा नॉर्विचचं नाव सांगून सुटायचा विचार सोडा.

माहीत आहे का, खुद्द इंग्रजांच्या बाळांनाही हा ‘एस’ उशिरा येतो? हार्वर्डच्या रॉजर ब्राउनने इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या तीन मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपलं आणि 1973 मध्ये व्याकरणाच्या 14 छोट्या तुकड्यांचा क्रम लावला. पहिला नंबर ‘आयएनजी’चा! ‘ईट्स’मधल्या ‘एस’चा नंबर दहावा. आणि ‘हॅज’, ‘डझ’ या जोडगोळीचा? अकरावा! जन्मजात इंग्रजी पोरं दहा गोष्टी पचवून मग ‘डझ’कडे वळतात. आणि आपण पाचवीच्या पहिल्या सहामाहीत?

‘आयएनजी’वरून आठवलं. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग.’ हे वाक्य कोरमंगलातल्या कुठल्याही मीटिंगमध्ये चहाच्या आधी ऐकू येतं. याचं मूळ आपल्या ‘नाहीये’त आहे. ‘मला समजत नाहीये’ हे मराठीत कसं छान वाटतं! या क्षणाला, आत्ता, समजत नाहीये. इंग्रजीत मात्र समजणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं ही क्रियापदं ‘आयएनजी’ला उभी करत नाहीत. तिथे ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, मग ते आत्तापुरतं असो की जन्मभराचं. (आपला ‘नाहीये’ जास्त आशावादी आहे, हे इंग्रजांना कोणी तरी कळवा.)

निस्सिम इझिकेल यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही अख्खी कविता या ‘आयएनजी’च्या लाडावर उभी केली. इझिकेल मुंबईच्या बेने इस्राएल समाजातले, म्हणजे ज्या समाजाची घरची भाषा मराठी. चेष्टा आतल्या माणसाने केली की अशी खुलते!

आपल्या आजोबांनी ‘डझ नॉट’ घोकलं ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून. तर्खडकर याच आडनावाच्या दादोबा पांडुरंगांनी त्याआधीच, 1836 मध्ये, मराठीचं व्याकरण छापलं होतं. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं, ते 2000 पासून पहिलीत आलं. आणि 2012 मध्ये ‘इंग्लिश विंग्लिश’मधल्या पुण्याच्या शशी गोडबोलेने थेट न्यूयॉर्कमध्ये क्लास लावला. श्रीदेवीला इंग्रजी अडलेलं बघून किती मराठी आयांनी थिएटरात डोळे पुसले असतील! आणि किती मुलांनी नजर चोरली असेल.

रॅपिड फायर! श्वास रोखा.

‘बी’ला ‘डू’चा टेकू नको. ‘आय ॲम नॉट’, ‘शी इझन्ट’, ‘दे आरन्ट’. ‘आय डोन्ट हॅपी’ म्हणाल तर ऐकणाराही हॅपी राहणार नाही.

‘कॅन’लाही नको. ‘ही कान्ट कुक.’ ‘डझन्ट कॅन’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला कॅनमधलं काही तरी आठवेल.

‘इझन्ट’ आहे, ‘आरन्ट’ आहे, मग ‘ॲमन्ट’ का नाही? आहे! स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये लोक बिनधास्त ‘ॲमन्ट’ म्हणतात. बाकीचे ‘आरन्ट आय?’ असं काहीतरी तिरपागडं विचारतात.

‘शी डझन्ट डू योगा.’ दोन ‘डू’ बघून दचकू नका. पहिला पगारी नोकर, दुसरा खरा काम करणारा.

‘नेव्हर’ आला की ‘डू’ची सुट्टी आणि ‘एस’ची घरवापसी! ‘ही डझन्ट ईट’, पण ‘ही नेव्हर ईट्स’. सापडला की नाही बेपत्ता?

‘नोबडी नोज.’ इथे नकार ‘नोबडी’च्या पोटातच, म्हणून क्रियापद होकारी. आपण मराठीत ‘कोणालाच माहीत नाही’ म्हणतो, म्हणून हात शिवशिवतात आणि ‘नोबडी डझन्ट नो’ लिहून जातो. त्याचा अर्थ निघेल: सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसातल्या गुपितांबाबत हे बऱ्याचदा खरंही असतं.

दोन नकार म्हणजे होकार, हा फतवा इंग्रजीत जोरात गाजवला तो बिशप रॉबर्ट लोथच्या व्याकरणाने, 1760 च्या दशकात. त्याआधी चॉसरबाबा काय करायचा? ‘कँटरबरी टेल्स’मध्ये नाइटच्या सभ्यपणाचं वर्णन करताना दोन ओळींत चार नकार! आणि एकानेही दुसऱ्याला खोडलं नाही, उलट चौघांनी मिळून जोर लावला. 1979 मध्ये पिंक फ्लॉइडच्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागाने तोच कित्ता गिरवला. शिक्षणाविरुद्धच्या त्या गाण्याची पहिलीच ओळ दुहेरी नकाराची, आणि कोरसमध्ये लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेची पोरं. त्यांच्या व्याकरणाच्या बाईंना त्या दिवशी काय वाटलं असेल!

आता शेवटचा बाँब. हा नियमात बसवूनही फुटतो.

कोरमंगलातलं एक हॉटेल, गर्दी तुडुंब. नाशिकच्या मावशी लेकीकडे आल्यात, चातुर्मास पाळतायत. वेटर मणिपूरचा, नम्र, घाईत. मावशी मसाला डोशाकडे बोट दाखवून कांद्याला हाताने काट मारतात. वेटर खात्री करून घेतो, ‘मॅडम, यू डोन्ट वॉन्ट अनियन?’

मावशी मान डोलावतात. ‘येस, येस!’

मराठीत काय चुकलं? काहीच नाही. ‘कांदा नको ना?’ ‘हो.’ म्हणजे तुझं म्हणणं बरोबर आहे बाबा, नको. जपानी माणूसही इथे ‘हाइ’ म्हणजे ‘हो’च म्हणाला असता. पण इंग्रजीचं ‘येस’ समोरच्याच्या बोलण्याला मान देत नाही, ते थेट पुढच्या क्रियापदाला जाऊन भिडतं. ‘येस’ म्हणजे ‘येस, आय डू’. नको असेल तर ‘नो, आय डोन्ट’. नकाराशी सहमत व्हायचं तर नकारानेच.

वेटर क्षणभर घोटाळला. मावशींकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि ‘ओके मॅडम’ म्हणत आत गेला.

डोसा आला. खरपूस, सोनेरी, हातभर लांब. आत बटाट्याची भाजी, आणि शेजारी वेगळ्या वाटीत, मॅडमनी दोनदा आवर्जून सांगितलं म्हणून, एक्स्ट्रा कांदा.